खंडेनवमीचा पियानो

सोयाबीन निघायला लागलं की मंगरूळपीरच्या हवेत एक पिवळसर कोंडा उतरतो. दोरीवरचे कपडे, खिडकीचे गज, बसस्टँडवरच्या चहावरची साय, सगळ्यांवर तो बसतो आणि अख्खं गाव दिवसभर शिंकत असतं. गावाभोवती थ्रेशर सुरू होतात. त्यांची घरघर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालते आणि आठवडाभरात कानाला इतकी सवयीची होते, की ती बंद पडली तरच माणूस मान वर करून बघतो. यंदा ती सुरू झाली तेव्हा मी देव घासत बसले होते. हातातलं निरांजन हातातच राहिलं.

याच दिवसांत एका वर्षी बाबा ओट्यावर बसल्या बसल्या मला म्हणाले होते, "काहून वं शोभे, यंदा थ्रेशर नाई आले का गावात?"

तेव्हा आमच्या घरामागच्याच वावरात थ्रेशर चालू होता. भिंती हलत होत्या. मी बाबांकडे बघत राहिले आणि ते माझ्याकडे, आणि माझ्या तोंडावरून त्यांना काय ते कळलं. ते उठून आत गेले. त्या दिवशी आम्ही दोघांनी जेवताना एक शब्द काढला नाही, आणि बोललो असतो तरी त्यांना तो ऐकू गेला नसता.

कान हीच बाबांची भाकरी होती. गाव त्यांना पेटीवाले बापूराव म्हणायचं. इकडे धनज, तिकडे जऊळका, मधल्या सगळ्या भजनी मंडळांच्या पेट्या आमच्या पुढच्या खोलीत येऊन पडायच्या. कोणाचा भाता फाटलेला, कोणाच्या पेटीत उंदरानं संसार थाटलेला. बाबा पेटीचं पोट उघडायचे, एकेक सूर कानाशी धरायचे आणि कानशीनं हलकेच घासायचे. सूर लागला की त्यांची डावी भुवई वर जायची. आई म्हणायची, यांची भुवई माझ्या स्वयंपाकाला आजवर कधी वर गेली नाही.

त्या पेट्यांच्या गर्दीत पियानो आला तो बैलगाडीतून. मी शाळेत होते. गावाबाहेरची जिनिंगची फॅक्टरी बंद पडून मशिनी भंगारात गेल्या होत्या, पण मॅनेजरच्या बंगल्यातला पियानो भंगारवाल्यालाही नको होता. बापूराव, तुमीच न्या, म्हणून मालकानं तो बाबांच्या गळ्यात मारला. आठ माणसांनी तो दारात उतरवला तेव्हा आईनं सगळ्यांना थांबवलं. भाकरीचा तुकडा ओवाळून रस्त्यावर टाकला आणि तांब्याभर पाणी त्याच्या चाकांवर घातलं.

"पावना हाय," ती म्हणाली. "पाय धुतल्याशिवाय घरात कसा घेऊ?"

तेव्हापासून तो पाहुणाच राहिला. पावन्याले ऊन लागून राह्यलं, पडदा ओढ. पावन्याजवळ ओलं फडकं वाळवू नको. गावात एकाही माणसाला तो वाजवता येत नव्हता, पण बाबांनी त्याच्या तारा पिळायची चावी लोहाराकडून घडवून घेतली आणि दर दिवाळीला त्याचा एकेक सूर जुळवून ठेवला. कशासाठी, असं कोणी विचारलं की त्यांना राग यायचा. पाहुणा बोलत नाही म्हणून त्याला उपाशी ठेवतात काय, असं ते उलट विचारायचे.

मला त्या पियानोची भीती वाटायची, हे आज लिहून टाकते. खोलीत कोणी जोरात बोललं की त्याच्या बंद झाकणातून बारीक उत्तर यायचं. शब्द नाही, आवाजाचा नुसता शेवट. वरच्या तारा मोकळ्या असतात, त्या हवेनं थरथरतात, असं बाबांनी समजावलं होतं. समजलं, पण भीती गेली नाही. आई त्या खोलीत हळू बोलायची. माझी धाकटी बहीण सुनी मात्र त्याच्या अंगाला तोंड लावून स्वतःचंच नाव ओरडायची, मग चटकन कान लावायची.

"ताई, तो मले आतमंदी ठेवून राह्यला," ती सांगायची, आणि मी तिला ओढून बाहेर न्यायचे.

पुढे सुनीच तो वाजवायला शिकली. आधी एका बोटानं, मग पुण्याला जाऊन रीतसर. तिथंच राहिली, मुलांना शिकवायला लागली. तिकडच्या बोलण्यात आमची वऱ्हाडी तिच्या जिभेवरून उतरली ती उतरलीच. फोनवर ती 'मला' आणि 'तुला' म्हणायची तेव्हा बाबा फोन कानापासून जरा लांब धरायचे.

पियानोच्या स्टुलाची बैठक उचलली की आत खण होता, आणि त्या खणात हातानं लिहिलेली एक तपकिरी वही. आत नुसते सूर, पहिल्या पानावर एक नाव. वोंद्रा. सुनीनं पुण्यात बऱ्याच जणांना विचारलं तेव्हा एवढंच कळलं, की अठराव्या शतकात युरोपातल्या कुठल्याशा लहान गावात हा माणूस देवळात वाजवायचा. त्याच्या काळातले बाकीचे मोठे झाले, हा मागे राहिला. त्याचं चित्र नाही, थडगं कुठं आहे ते ठाऊक नाही. पुस्तकांत त्याला दोन ओळी, त्यातली एक दुसऱ्याच कोणाबद्दल. त्याची ही वही वऱ्हाडातल्या कापसाच्या फॅक्टरीपर्यंत कोणत्या साहेबानं आणली, तेही आता कोण सांगणार?

बाबांना हे फार लागलं. ते त्याला वोंद्राबुवा म्हणायला लागले. गेल्या वर्षी सर्वपित्री अमावस्येला पानं वाढताना त्यांनी एक पान जास्त मांडायला लावलं.

"हे कोनाचं?" मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

"वोंद्राबुवाचं. त्याले पाणी देणारं कोन हाय?"

"बाबा, तो ख्रिश्चन होता."

"असन. भूक तं लागतच असन नं?"

पानं गच्चीवर ठेवली. आमच्या आजोबांचं पान, आईचं पान, आणि कडेला ते. कावळा आला आणि नातेवाइकांना ओलांडून सरळ कडेच्या पानावर बसला. मी हसले. बाबा हसले नाहीत.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, उरलंसुरलं ऐकणंही हिवाळ्यापर्यंत जाईल. मी सुनीला फोन करून तिच्यावर चिडले, आणि चिडायलाच हवं होतं. बाबांनी ज्या वहीसाठी आणि ज्या पियानोसाठी जन्म घालवला, ते संगीत त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं. सुनी दर वर्षी म्हणायची, अजून बसलं नाही, पुढच्या वर्षी वाजवीन. आता पुढचं वर्ष उरलं नव्हतं. ती म्हणाली, नवरात्रात येते.

दिवस ठरला खंडेनवमीचा, दुपारी चार वाजता. त्या दिवशी आमच्याकडे सगळी हत्यारं धुऊन पूजेला मांडतात आणि दसऱ्यापर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. विळा नाही, कुऱ्हाड नाही, शिवणयंत्र नाही. थ्रेशरसुद्धा झेंडूच्या माळा घालून गप्प उभे असतात. माणसं मोकळी असतात, ऐकायला येतील. गाव शांत असेल, म्हणजे बाबांच्या कानात जेवढं जायचं तेवढं जाईल. आमचा हिशेब अगदी चोख होता.

सकाळी मी झेंडू आणायला बाजारात गेले. सुनी आंघोळीला. तेवढ्यात बाबांनी आपली हत्यारं धुतली, पेचकस, पकड, कानशी, तारा पिळायची चावी. पाटावर ओळीनं मांडली, हळदकुंकू वाहिलं. मग त्यांनी ती बादली आणि तेच फडकं घेतलं आणि पियानोही धुतला.

मी परत आले तेव्हा सुनी केस ओले तसेच सोडून पियानोसमोर उभी होती. पाणी झाकणावरून ठिबकत होतं. लाकडाच्या अंगावर पाच बोटं कुंकू, आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या फटींतून पिवळं हळदीचं पाणी. डावीकडच्या, खर्जाच्या बाजूच्या चार पट्ट्या खाली गेल्या होत्या त्या वर येत नव्हत्या. लाकूड फुगलं होतं. सुनी एकेक पट्टी नखानं उचलायची आणि ती पुन्हा बसायची.

चाळीस वर्षं ज्या माणसानं त्या पियानोजवळ ओलं फडकं येऊ दिलं नाही, त्यानं हे केलं होतं. कानाबरोबर बाबांचं आणखीही काही चाललं होतं, आणि घरात राहूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्याची लाज मला अजून वाटते.

"बाबा, पट्ट्या दुरुस्त करा," सुनीनं त्यांच्या कानात सांगितलं. "तुम्हालाच येतं ते. दहा मिनिटांचं काम आहे."

बाबांनी पाटाकडे बोट दाखवलं. "हत्यारं पूजेत हायेत."

"मग मी घेते पेचकस."

"हात नको लावू." आवाज एवढा चढला की पियानोतून बारीक उत्तर आलं. "उद्या सोनं लुटून आल्यावर. आज नाई."

"मग पियानोपण पूजेत आहे ना? तुम्हीच कुंकू लावलंत. आज वाजवायचाच नाही का मी?"

बाबा तिच्याकडे असे बघत राहिले, की इतकं शिकून हिला एवढंही कळू नये.

"तो हत्यार हाय का? पावना हाय तो. आज त्याच्या घरचं कोनी बोलनार, म्हनून पाय धुतले म्या त्याचे. तुह्या आईनं धुतले होते का नाई? वाजव तू."

सुनीनं डोळे पुसले आणि पट्ट्याही.

चार वाजता माणसं आली. पुढची खोली भरली, मग ओटा, मग अंगणातली सतरंजी. भजनी मंडळातले म्हातारे, मी शिकवते त्या शाळेतल्या बाया, आणि सगळ्यांत पुढे रहीमचाचा. ते पिंजारी. बाबांचे लहानपणापासूनचे सोबती. आमच्या घरच्या गाद्या त्यांच्या, आणि नवरात्रातल्या वातींचा कापूसही दर वर्षी त्यांच्याकडूनच यायचा. कापूस पिंजायच्या धुनकीच्या तारेवर जन्म गेलेला, त्यामुळे त्यांचा कानही तयार होता. बाबा खुर्चीवर बसले नाहीत. पियानोच्या डाव्या कडेला जमिनीवर बसले आणि कुंकू लावलेल्या लाकडाला कपाळ टेकलं.

सुनी वाजवायला लागली. मला संगीतातलं काही कळत नाही. सुरुवात साधी होती, पाळण्याच्या चालीवर जाणारी, लहान पोरालाही गुणगुणता येईल अशी. उजवा हात बोलायचा, डावा हुंकार द्यायचा. आणि मग डाव्या हाताला त्या चारांपैकी एक पट्टी लागायची, आणि तिथं काहीच नसायचं. एक भोक. सुनीचं बोट दबलेल्या पट्टीवर पडायचं, लाकडाचा ठक् आवाज यायचा आणि ती पुढे जायची.

पहिल्यांदा ते मला कधी जाणवलं, आठवत नाही. सुनीनं एका ठिकाणी दोन्ही हात उचलले, वहीतच तशी थांबायची जागा होती. थ्रेशर बंद होते, रस्ता सामसूम होता, दर्ग्याच्या बाजूनं एक कुत्रं भुंकत होतं तेही थांबलं. आणि खर्जात, फार खाली, कोणीतरी गात होतं. मघाशी जे चार सूर लागले नव्हते ते आता, उशिरानं, एकमेकांत मिसळून. सुनीचे हात हवेत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"या अल्ला," रहीमचाचा हळूच म्हणाले. "ये तो दो जने बजा रहे."

ती पुन्हा वाजवायला लागली. आता मला दुसरं काही ऐकूच येईना. ती जे म्हणायची त्याच्यामागून ते यायचं, पण तेच नाही, काहीतरी वेगळं. अंगणातल्या बायांनी पदर डोक्यावर ओढून घेतले. एक लेकरू रडायला लागलं, त्याची आई त्याला उचलून रस्त्यावर गेली. संपल्यावर कोणी टाळी वाजवली नाही. टाळीचं कोणाला सुचलंच नाही. माणसं उठली, पियानोला दुरून हात जोडले आणि चपला शोधायला लागली.

रहीमचाचांनी जाताना मला सांगितलं, "घबराव मत, बेटा. पट्टी दबी रहती तो तार खुली रह जाती. दुसरी तार बोली की ये भी बोलती. धुनकी में भी होता." बाबांनीही हेच सांगितलं असतं. पण जाताना चाचा दाराकडे पाठ न करता गेले, पियानोकडे तोंड ठेवून, हे मी पाहिलं.

खोली रिकामी झाली. सुनी बाबांजवळ बसली. त्यांच्या कपाळावर लाकडाचं कुंकू उमटलं होतं आणि ते इतके खूश होते, की मी त्यांना आईच्या मागे तसं पाहिलंच नव्हतं. डावी भुवई वर होती.

"बाबा," सुनीनं त्यांच्या कानाला तोंड लावून विचारलं, "ऐकू आलं?"

"आलं नं."

"कसं वाजलं?"

बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. अगदी प्रेमानं, काही चांगलं सांगावं तसं ते म्हणाले, "तुहं नाई आलं पोरी. त्याचं आलं."

सुनीनं वही मिटली आणि स्टुलात ठेवली. दुसऱ्या दिवशी बाबा सोनं लुटून आले, पाटावरची चावी आणि पेचकस उचलून पियानोकडे गेले, तर चारही पट्ट्या वर आलेल्या. ऊन कडक होतं, लाकूड वाळलं असेल. सुनी त्याआधीच पुण्याच्या गाडीला लागली होती. आपट्याचं पान मीच तिच्या हातात कोंबलं. बाबांच्या हातात सोनं न देता ती गेली.

तूर घरात आली तेव्हा बाबा गेले. झोपेतच. सुनी पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. तेरावा झाल्यावर तिनं मला सांगितलं, की तिनं पियानो बंद केला आहे. शिकवते, पण स्वतः वाजवत नाही. वाजवायला बसलं की बाबा म्हणतात, तुहं नाई आलं.

त्या दुपारचं तिनं फोनवर रेकॉर्डिंग केलं होतं. आम्ही दोघींनी ते एकदा ऐकलं. त्यात सुनी आहे, भोकं आहेत, लाकडाचा ठक् आहे, लेकराचं रडणं आहे. हात उचलते त्या जागी कुत्रं गप्प झालेलंही कळतं. खर्जातलं ते गाणं त्यात नाही. फोन लहान आहे, एवढं खालचं त्याला पकडता येत नसेल, असं मी तिला म्हणाले.

वर्षभर मी त्या खोलीत एकटी झाडू मारते. वेंधळेपणानं बादली जोरात ठेवली की झाकणातून उत्तर येतं. आता भीती वाटत नाही म्हटलं तर खोटं होईल, पण उत्तर आलं नाही तर मी बादली पुन्हा आपटते. माणसाला सोबत लागते, ती कसली का असेना. या वर्षी सर्वपित्रीला बाबांचंही पान मांडलं, आणि जास्तीचं ते एकच. बाबा त्यांच्या पानावर आणि बुवा कडेला. कावळा आला, गच्चीच्या कठड्यावर बसला आणि बराच वेळ कोणाकडेच गेला नाही.

आणि खंडेनवमीला, म्हणजे कालच, दुपारी सुनी दारात उभी. कळवलं नाही, काही नाही. अकोल्यापासून एसटीनं आली होती, केसांत सगळा कोंडा. मी बाबांची हत्यारं पाटावर मांडली होती. शेजारी निरांजन आणि रहीमचाचांनी पाठवलेला वातींचा कापूस. ती पाटाच्या पाया पडली. मग न्हाणीतून बादली आणली, फडकं पिळलं, आणि ते पाणी पियानोला काय करतं हे पुरतं ठाऊक असलेली ती बाई त्या चार पट्ट्या एकेक करून पुसायला लागली. पुसायची आणि दाबून धरायची. ती काय करतेय ते मला कळलं होतं आणि तिला काय ऐकायचंय तेही.

"मी नाही वाजवणार," ती म्हणाली. "तू वाजव. तुला सुरुवात येते, मला माहीत आहे. तू भांडी घासताना म्हणतेस."

"मले एका बोटानंच येते."

"एका बोटानं वाजव."

तिनं वातींच्या कापसाचे दोन बोळे केले आणि कानांत घट्ट बसवले. बाबा बसले होते तिथंच बसली. लाकडावर कुंकू लावलं आणि त्याच्यावर कपाळ टेकून डोळे मिटले.

मी वाजवलं. चुकत चुकत, पाळण्याची ती चाल, जेवढी येत होती तेवढी. दोनदा वाजवली, तिसऱ्यांदा मधेच विसरले. बोट अडखळलं आणि थांबले. थ्रेशर बंद होते. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मी कान देऊन ऐकलं, खर्जात काहीतरी होतं, मग तेही विरलं. आता खोलीत काही नव्हतं. मी हात मांडीवर घेतले आणि सुनी उठायची वाट पाहत बसले.

सुनी उठली नाही. तिची डावी भुवई हळूहळू वर गेली. मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि कानांत बोळे असलेली माणसं बोलतात तशी ती मोठ्यानं म्हणाली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून न निघालेली आमची बोली होती ती.

"थांबू नको वं ताई. आता माहं येऊन राह्यलं."

माझे दोन्ही हात मांडीवर होते.